नळीतला मंगळ

"महाराज, ही नळी जमिनीकडे धरली तर मंगळ दिसेल का?"

हा प्रश्न नळीतून मंगळ दाखवणाऱ्या मंगळबुवाला विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, गुड्डी आणि शोभाने, लावली होती. शाळेतून येताना आम्ही त्यावर पोट दुखेपर्यंत हसलो होतो. रविवारी सकाळी दहाला आमलीतल्या आमच्या चाळीपुढे लागलेल्या बुवाच्या रांगेत उभी राहिले आणि हसू पार आटलं.

मधोमध शेजारची कावेरीवहिनी. केस मोकळे, हात सासूने, कोंडाबाईने, मागून आवळलेले. महिन्यापूर्वी सायली गावातल्या कारखान्यात तिच्या नवऱ्याची, नीलेशची, तीन बोटं मशीनने तोडली. दोष कुणाचा? सुनेच्या पत्रिकेतल्या मंगळाचा! तो उतरवायला बुवाने त्याच मशीनचा पट्टा मागवला होता.

"ही सिद्ध नळी हाये!" बुवा गरजला. "बारा वर्सं गुहेत तप केलंय हिनं! दिवसाढवळ्या ग्रह दावते!"

तप केलेल्या नळीवर शेंदूर थापला होता, तरी खालून प्लास्टिक कंपनीचा छापा डोकावत होता!

रांगेतला एकेक जण नळी ढगाळ आभाळाकडे धरायचा. "दिसला! लाल!" की सपकन बुवाचा पट्टा वहिनीच्या पाठीवर. पुढचा. "दिसला!" सपकन. ब्लाउज फाटला, रक्त कमरेपर्यंत ओघळलं. सातवे माझे पप्पा होते. त्यांनाही दिसला. अकराव्या फटक्याला वहिनी गुडघ्यांवर कोसळली.

बारावी मी.

नळीत खरंच लाल ठिपका होता!

"बोल पोरी, दिसला ना?" पट्टा वर गेला.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न बघता नळी खाली वळवली.

"दिसला! माझ्या चपलेवर बसलाय मंगळ! आता गटारात! आता बुवाच्या ढेरीवर!"

कुणीतरी फिसकन हसलं. पट्टा माझ्या मनगटावर बसला. हात पेटल्यासारखा झाला, नळी दगडावर आपटली, टोक निखळलं. आतून काय पडावं? काळा पुठ्ठा, त्याला टाचणीचं भोक आणि भोकावर मखराला लावतो तो लाल जिलेटिन कागद. उजेडाकडे धरा, मंगळ हजर!

"खरा मंगळ सध्या दुपारी बाराच्या सुमारास उगवतो," मी ओरडले. "आत्ता तो क्षितिजाखाली आहे. श्रीकांत सरांनी शाळेत दाखवलंय. गेल्या आठवड्यात त्याच्यावर सहा चाकांची गाडी उतरली, तिने पाठवलेले फोटो टीव्हीवर पाहिलेत ना सगळ्यांनी? दगड आणि लाल माती! ती माती येऊन नीलेशदादाची बोटं तोडणार? मशीनला संरक्षक जाळी नव्हती म्हणून तुटली!"

"माय वं..." कोंडाबाईचे हात सैल पडले. मग तिने पट्टा हिसकावून बुवाच्या थोबाडावर ओढला. तेच रांगवाले दगड उचलून बुवावर धावले.

"थांबा." वहिनी जमिनीवरूनच म्हणाली. "अकरा जणांना दिसला होता ना? मला नावं पाठ आहेत."

दगड हातातच राहिले.

वाचकहो, कुणी डोळ्याला नळी लावायला दिली, तर आधी तिच्या आत काय आहे ते बघा. आणि "दिसला" म्हणण्याआधी पट्टा कुणाच्या पाठीवर पडणार आहे, तेही बघा.

संध्याकाळी आई माझ्या मनगटावर हळद लावत होती. पप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"वहिनी पोलिसात तक्रार देतेय," मी म्हणाले. "साक्षीला मी जाणार. अकराही नावं सांगणार."

"गौरी," आई पुटपुटली, "सातवं...?"

"सातवंसुद्धा. पप्पा, तुम्ही बरोबर आलात तर ते तुम्हीच सांगा. नाहीतर मी सांगेन."