चादर दिसली, चादर उतरवली

गुनवोरच्या आठवणींच्या पुस्तकाचं पहिलं वाक्य तीन वर्षांपूर्वीच लिहून झालं होतं. 'आई गेली तेव्हा तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.' पुढची दीडशे पानं त्या एका वाक्यावर उभी होती. चौथ्या वर्षी काळजात रुतलेला तो काटा गुनवोरनं एकाहत्तराव्या वर्षापर्यंत जपून ठेवला होता. आता छापायला देण्याआधी तिला एवढंच हवं होतं, की कुठल्यातरी कागदानं म्हणावं, हो, असंच झालं.

जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई ती. पुराव्याशिवाय स्वतःवरही विश्वास ठेवायची नाही. चर्चची नोंदवही झाली, शाळेचं हजेरीपुस्तक झालं, शेजारच्या पेट्राबाईंनी कॅलेंडरच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं रोजचं हवामानही वाचून झालं. हात धुवून मागे लागली होती म्हणा ना. कागदही बिचारे जमेल तेवढं बोलत होते. एकोणीसशे एक्कावन्नचा मार्च, आईला क्षय, मुलांना तिच्याजवळ जायची बंदी, गुनवोर आजीच्या खोलीत. सगळं जुळत होतं.

जुळत नव्हता तो फक्त पंख. त्या खोलीच्या खिडकीतून तिला दिसायचा. धुक्यात, किनाऱ्याजवळ, एक प्रचंड पांढरा पंख हळूच वर जायचा, पसरायचा, थरथरायचा आणि तसाच मुकाट खाली यायचा. मग बराच वेळ नुसतं धुकं. कधी झोपेत, कधी भांडी घासताना, तो अजूनही यायचा आणि गुनवोर हातातलं काम विसरायची. एका रात्री तिनं ते लिहून काढलं होतं. सकाळी त्यावर पेन्सिलीनं काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'ताप असावा. पुरावा नाही.'

तिला खटकली ती एक तारीख. क्षयरुग्णालयाचं पत्र म्हणत होतं, सोमवारी पाच तारखेला निघा. तिथल्या वहीत आईचं नाव लागलं ते तेराला. मधले आठ दिवस कुठे गेले? म्हणून ती शहरातल्या दप्तरखान्यात गेली आणि तिनं त्या काळच्या प्रवासी बोटीची रोजनिशी मागवली.

त्यांच्या स्कार्व बेटावर बोट आपणहून कधीच थांबायची नाही. ज्याला जायचं असेल त्यानं शिडीवर चढून होडीघराच्या भिंतीला पांढरी चादर टांगायची. ती दिसली की बोट वळायची. कप्तानानं लिहिलं होतं, 'पाच मार्च. स्कार्व. चादर दिसली. वळलो. चादर उतरवली. पुढे गेलो.' सात मार्चला तेच. नऊ मार्चला तेच, आणि पुढे, 'या बेटावर कुणीतरी खेळ मांडला आहे.' बारा मार्च. 'चादर दिसली. एक स्त्री प्रवासी.'

गुनवोरनं वही मिटली नाही. तिच्या डोळ्यांसमोर पंख वर गेला, पसरला, खाली आला. तीनदा. दप्तरखान्यात भरदिवसा धुकं उतरलं होतं आणि त्यात ती चार वर्षांची होऊन काचेला नाक लावून उभी होती.

परतल्यावर ती थेट भावाच्या घरी गेली. ओडवार तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा.

"आलीस? आज कुठलं मढं उकरलंस?" कॉफी ओतता ओतता त्यानं विचारलं.

"तीनदा चादर लावली आणि बोट वळल्यावर काढली. चौथ्यांदा नाही काढली. का रे?"

ओडवार तपकिरी चीजचा काप काढत होता. तो काप काही संपेना.

"कप्तान काय म्हणतो?"

"म्हणतो, कुणीतरी खेळ मांडलाय."

"खेळ!" ओडवारनं सुरी खाली ठेवली. "आधी तीनदा आईनंच लावली आणि बोट वळली की तिनंच काढली. त्या शेवटच्या सोमवारी, बाराला, चादर मी लावली, गुनवोर. तिनंच सांगितलं. म्हणाली, शिडीवर बसून राहा. मी रडले, ओरडले, काहीही केलं तरी मला वर चढू देऊ नकोस."

"मग?"

"मग काय? बोट वळली आणि आई आली धावत. शिडी धरली, हात वर केले. मी बसून राहिलो. बारा वर्षांचा होतो गं मी. मीच आईला घालवली."

"आणि सदुसष्ट वर्षं तोंड शिवून बसलास?"

"तू कागदांना विचारत फिरत होतीस, शहाणे. मला एकदाच विचारलंस. त्या दिवशी बर्फ होता का म्हणून."

गुनवोरला स्वतःची लाज वाटली. पण खरा प्रश्न अजून विचारायचाच होता, आणि तो विचारताना तिचा आवाज एवढासा झाला.

"तिनं मागे वळून पाहिलं नाही ना?"

"नाही पाहिलं," ओडवार म्हणाला. "पाहिलं असतं तर मी उतरलो असतो. ते तिला ठाऊक होतं."

दोघंही म्हातारी माणसं त्या टेबलाशी बसून मोकळेपणानं रडली. कॉफी निवून गेली.

घरी येऊन गुनवोरनं हस्तलिखित काढलं. पहिलं वाक्य तिनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि तसंच ठेवलं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मग तिनं पंखाचं पान शोधलं आणि रबरानं त्यावरची काट पुसली. 'ताप असावा. पुरावा नाही.' हेही पुसलं, आणि त्या जागी लिहिलं, 'पुरावा: ओडवार, माझा भाऊ. शिडीवर बसला होता.'