फक्कीच्या रेघांच्या आत

बाईंच्या वर्गात मुंगीला शिरायचं तर आधी आतल्या एका मुंगीला बाहेर काढावं लागलं असतं, इतकी गर्दी. चाळीस पोरांच्या खोलीत सत्तर कोंबलेली. एका बाकावर चार जण, आणि चौथ्याचं अर्धं बूड हवेत. कुणी लिहायला हात हलवला की शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर, कोपराला उत्तर चिमटा, चिमट्याला उत्तर बोंब. दिवसभर हाच अभ्यास. मधल्या बाकावरची एक मुलगी गेल्या महिन्यात घुसमटून खाली पडली, तर तिला उचलायला आधी दोन बाकं बाहेर काढावी लागली. पोरं तिला तेव्हापासून 'बेशुद्धी' म्हणायला लागली. पोरंच ती.

त्या दिवसापासून बाई मोठ्या सरांच्या मागे हात धुऊन लागल्या. मोठे सर दिसले की 'खोल्या', जिन्यात गाठ पडली की 'खोल्या', सर जेवायला बसले की समोर 'खोल्या'. शेवटी सर वैतागले, वरचेही वैतागले, आणि खोल्या मंजूर झाल्या. शाळेमागच्या माळावर पाया खणायचं मशीन उद्या येणार होतं.

आणि आजचा धडा काय, तर 'वाढती शहरे आणि प्राण्यांची घरे'.

पुस्तकात एक हसरं हरीण होतं, त्याच्यामागे तितकीच हसरी इमारत. खाली प्रश्न: रिकाम्या जागा भरा. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या मुळात एका जागी न ठरणाऱ्या. शिकवताना खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायच्या, आणि हल्ली तेवढीही वाट उरली नव्हती. त्यांनी पुस्तक मिटलं.

"चला सगळे माळावर. खेळ खेळायचाय."

खेळ साधा होता. निम्मी पोरं शहर, निम्मी प्राणी. शहरवाल्यांनी हात धरून रांग करायची आणि टाळी वाजली की एक पाऊल पुढे टाकायचं. प्राण्यांनी फक्त मागे सरायचं. धक्का द्यायचा नाही, चावायचं नाही.

काडीसारख्या अंगाची म्हणून जिला सगळे काडी म्हणत, ती कोल्हीण झाली. ढोल्या म्हणाला, "मी ससा."

"बाई, हा ससा असेल तर बीळ नाही, बोगदा लागेल."

"मी आतून ससा आहे," ढोल्या म्हणाला आणि उकिडवा बसला.

बाईंनी टाळी वाजवली. शहर एक पाऊल पुढे आलं. प्राणी हसत मागे गेले. आणखी टाळी, आणखी पाऊल. मग प्राण्यांचं हसू कमी झालं, एकमेकांच्या पायावर पाय पडायला लागले. हरणाने ससा ढकलला, कोल्हिणीने हरणाला शिवी दिली. बाईंना आतून बरं वाटलं. धडा पोरांच्या अंगात उतरत होता.

"आता कुठे जाणार रे तुम्ही?"

"मागे," प्राणी ओरडले आणि पाठीमागे न बघता झुडपांत घुसले.

तेवढ्यात जमिनीतूनच कुणीतरी किंचाळत उठलं. टिटवी. काळं डोकं, पिवळे लांब पाय. ती वर गेली, वळली आणि ढोल्याच्या केसांना वारा लागेल इतक्या खालून झेपावली. पोरं सैरावैरा सुटली.

"आहात तिथेच थांबा सगळे," बाई गरजल्या. "कुणीही पाऊल उचलू नका."

पोरं जागच्या जागी थिजली. काडी खाली बघत होती. ती हळूच म्हणाली, "बाई, हे दगड नाहीत."

मातीतच एक उथळ खळगा, कडेला खडे लावलेले. आत मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची अंडी. तीन शाबूत. चौथं ढोल्याच्या बुटाला लागलेलं होतं.

ढोल्या रडला नाही. तो पाय वर धरून एका पायावर डुगडुगत उभा होता.

"कुठे ठेवू, बाई?" तो म्हणाला. "पाय कुठे ठेवू?"

बाई गेल्या, आधी आपल्या पावलाखालची जमीन बघत, आणि त्याला काखेत धरून त्यांनी अलगद बाजूला घेतलं. त्यांनीच पोरांना इथे आणलं होतं. प्राण्यांची घरं वाचवा हे शिकवायला आणून एक घर तुडवून घेतलं होतं. वर टिटवी घिरट्या घालत होती आणि तिच्या ओरडण्याला खंड नव्हता.

लांब उभी राहिल्यावर काडीने विचारलं, "बाई, अंड्यांच्या बाजूने ही पांढरी रेघ कसली?"

पाया आखायला ठेकेदाराची माणसं कालच फक्कीच्या रेघा मारून गेली होती. सरळ, काटकोनात. अंडी कोपऱ्यातल्या चौकोनाच्या आत होती.

"इथे खोल्या होणार."

"कुणाच्या?"

"तुमच्या."

"कोणी मागितल्या?"

धडे लिहिणाऱ्यांचं बरं असतं. त्यांच्या पुस्तकात शहर आपोआप वाढतं, जशी अंगावर खरूज वाढावी. कुणी मागत नाही, कुणी बांधत नाही, कुणी राहत नाही. हसरी इमारत आकाशातून पडते. बाईंनाही सांगता आलं असतं, वरून हुकूम आला म्हणून.

"मी मागितल्या," त्या म्हणाल्या.

एक जण फुशारकीने म्हणाला, "मग नकोच आपल्याला खोल्या."

"तुला काय, तू खिडकीशी बसतोस," बेशुद्धी म्हणाली. "मला खोली हवीय." जरा थांबून ती पुढे म्हणाली, "ही पण हवीत. अंडी."

बाई तडक मोठ्या सरांकडे गेल्या. नकाशा टेबलावरच होता.

"पिल्लं निघेपर्यंत मशीन थांबवा, सर."

"थांबवलं तर ठेकेदार दुसरीकडे जाईल. मग पुढच्या वर्षी माझ्या दारात 'खोल्या, खोल्या' करत कोण येणार? तुम्हीच."

ते खरं होतं. बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "मग हा कोपरा गाळा. बाकीच्या बांधा."

सरांनी चष्मा काढला. "बाई, ती शिक्षकांची खोली आहे. सगळ्या जणी कपाटामागे उभ्या उभ्या डबा खाता, म्हणून मी भांडून घेतली. आता गाळली की गेली. तुमच्या मैत्रिणी मला फाडून खातील."

"मला खातील. तुमचं मांस त्यांना पचायचं नाही."

सर हसले नाहीत, पण नकाशावर फुली मारली.

मैत्रिणींनी खाल्लंच. सकाळी गणिताच्या बाईंनी जिन्यातच गाठलं. "या, पक्षीणबाई. सत्तर पोरांपुढे उभं राहून कुणाचे पाय सुजतात? त्या पाखराचे? आम्हाला विचारायचं तरी होतंस गं."

बोलणं खरं होतं, आणि विचारलं असतं तर नकार आला असता हेही तितकंच खरं होतं.

मशीन आलं. बाईंनी चालकाला कोपरा दाखवला. तो म्हणाला, "तिकडे जाणार नाही. पण आवाज कमी करायचं बटण नसतं हो याला." त्याने पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली. पहिला दणका बसला आणि टिटवी किंचाळत उठली.

वर्गात सत्तर पोरं बाकांवर चढून मागच्या खिडक्यांना लटकली.

"खाली उतरा. खिडकीकडे पाठ करा."

"पण बाई..."

"इतकी तोंडं दिसली तर ती येईल परत? तू आला असतास?"

पोरं उतरली, दाटीवाटीने बसली, माना पुढे. आता खिडकीकडे तोंड एकट्या बाईंचं होतं. लांबवर टिटवी उतरलेली दिसत होती. चार पावलं धावायची, थांबायची, मान उंच करायची. मशीन आपटलं की पुन्हा वर.

"बसली का, बाई?"

"नाही. कविता काढा."

"आता?"

"नाही म्हटलं ना."

ढोल्याने विचारलं नाही. त्याने दोन्ही पाय बाकावर वर घेतले होते, त्यामुळे शेजारचा पोरगा निम्मा खाली लोंबकळत होता, पण आज त्या पोराने चिमटा काढला नाही.

टिटवी खळग्याशी पोचली. पिसं फुलवली. उठली, वळली आणि पोट टेकलं.

"बसली," बाई म्हणाल्या.

वर्गाचा श्वास सुटला. ढोल्या म्हणाला, "आता राहील ना ती?"

"आत्ता बसलीये. पुढचं मला माहीत नाही."

मशीनचा दात पुन्हा जमिनीत शिरला, खिडक्या थरथरल्या. सत्तर माना वळायला आल्या आणि तशाच अडून राहिल्या. बाईंनी खडू उचलला. लिहायचं तर टिटवीकडे पाठ करून फळ्याकडे वळावं लागणार होतं. त्या खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.