हिंदुरावांची शाल

कुशाबाईचे यजमान हिंदुराव म्हणजे सत्काराचं खूळ लागलेला माणूस. गावात ग्रामसेवक येवो नाहीतर वायरमन, यांची शाल तयारच. इंदापूरच्या बाजारातनं डझनानं शाली आणून कपाटात रचून ठेवायचे. बायकोच्या अंगावर धड लुगडं आहे का, ते बघायला सवड कुणाला? उद्या यम दारात आला तरी हे बाबा आधी त्याला नारळ देतील, असं कुशाबाई म्हणायची.

आणि आलाच की! त्यांच्या गावच्या, निरवांगीच्या शिवारातनं नवा रस्ता जाणार, अशी नोटीस आली. सरळ यायचा रस्ता मोहनराव पुढाऱ्यांच्या बंगल्यापाशी लाजून वाकडा होत होता आणि कुशाबाईच्या उसातनं, नेमका विहिरीवरनं जात होता. विहीर गेली की उरलेलं रानही वाळणार. हिंदुरावांनी गाव गोळा केलं, वकील लावला, गावाच्या अर्जावर पहिलं नाव स्वतःचं घातलं. "मुडदा पडला तरी जमीन देणार न्हाय!" अशी डरकाळीही फोडली. आठवड्यानं मोजणीची माणसं आली, तर ह्या वाघानं बांधावरच त्यांच्या साहेबाला शाल पांघरली, नारळ दिला, वर हसत फोटो काढून घेतला.

"अवो, विहीर बुजवायला आलेल्यालाच शाल?" कुशाबाई कडाडली.

"रीत हाय ती. दारात आलेल्याला तसंच लावून द्यायचं व्हय? तुला न्हाय कळायचं."

कळलं, पण ते यांना, बारामतीला प्रांतसाहेबापुढं सुनावणी झाली तेव्हा. सरकारी वकिलानं तोच फोटो टेबलावर ठेवला.

"बघा साहेब, जमीनमालकानं मोजणीचं स्वागत केलंय. आता हरकत कसली?"

फोटोतले हिंदुराव हसत होते, खुर्चीतले पांढरेफटक पडले होते. त्यांचा वकील उगाच कागद चाळत बसला.

मागच्या बाकावरनं कुशाबाई उठली. "साहेब, जिची जमीन हाय ती ह्या फोटोत कुठं हाय?"

"हे तुमचे यजमान ना?"

"यजमान हायेत. जमीन त्यांची न्हाय. सातबारा बघा."

साहेबानं सातबारा काढला. ठिबकचं अनुदान एकदा स्वतःच्या नावावर लाटून झालं, दुसऱ्यांदा मिळावं म्हणून हिंदुरावांनीच सगळं रान बायकोच्या नावावर केलं होतं. अनुदान पदरात पडलं आणि गडी विसरून गेला. नोटिशीवरही तिचंच नाव होतं, पण घरात आलेलं पाकीट यांनी फोडायचं, सहीही यांनीच ठोकायची.

"ह्यांच्या नावावर एक गुंठाबी न्हाय," कुशाबाई म्हणाली. "त्यांनी शाल घालावी न्हायतर हत्तीवरनं मिरवावं. माझी जमीन मोजताना मला कुणी इचारलं? माझी हरकत लिवून घ्या."

साहेबानं लिहून घेतली. झालेली मोजणी रद्द झाली. आता होईल ती बाईंच्या समोर, आणि विहीर वाचवता येते का तेही बघायचं ठरलं.

बाहेर येताच हिंदुरावांना कंठ फुटला. "साहेबांनी ऐकलं बघ आपलं! आत जाऊन एक शाल..." त्यांचा हात पिशवीत गेलाही.

कुशाबाईनं पिशवी हिसकावली. शाल काढून त्यांच्याच हातात दिली.

"मला घाला. हितंच, समद्या लोकांच्या म्होरं. आन फोटो काढा. पुढच्या तारखेला तोबी दावू."

अख्ख्या तालुक्याला शाली वाटलेल्या माणसाला आज शालीची घडी उलगडेना. आजवर बायकोच्या खांद्यावर त्यांनी कधी काही घातलंच नव्हतं. कशीबशी शाल पांघरून ते मागं सरकले.

"नारळ?" कुशाबाईनं हात पुढं केला.