तामारसाठी दहा माणसं

बायको तामार गेल्यापासून बेंजामिनकाका घासभरही धड जेवत नव्हते. इस्रायलला स्थायिक झालेली लेक दीना फोनवर रोज रडायची. शेवटी रोह्याच्या डॉक्टरांनी नम्रताला त्यांच्या घरी धाडलं. नम्रता पुण्याहून समुपदेशन शिकून नुकतीच आलेली. नव्या सुनेला स्वयंपाकाचा असतो तसला उत्साह तिला उपचारांचा होता.

तिनं एक रिकामी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. "काका, इथं काकी बसल्यात असं समजा. मनात राहिलेलं बोला."

काका ताडकन उठले आणि त्यांनी खुर्ची भिंतीला लावली. "आमच्या ज्यू लोकांत पोराच्या सुंतेला एलियाहू नबीसाठी रिकामी खुर्ची मांडतात. तिच्यात मेलेलं माणूस बसवतेस? हेच शिकवलं गो तुला पुण्यात?"

नम्रता खाली मान घालून खोलीवर आली आणि रडली. रोह्यात तिचं तरी कोण होतं? शेजारी धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारे, आले की दार लावून झोपणारे. घरमालकीण बोलायची, पण पाण्याच्या मोटरपुरतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. "काका, मला तुमच्यातलं काही ठाऊक नाही. गेलेल्या माणसासाठी तुम्ही काय करता?"

"कद्दीश म्हणतात. प्रार्थना हाय ती. पन एकट्यानं म्हणता येत नाय, आमच्यातले दहा पुरुष लागतात. तिला न्यायला अख्खी आळी आली, पन आमचे दहा काय भरले नायत. कद्दीशबिगर तिचा जीव तसाच अडकवून ठेवलाय मी. जेवू कसा?"

यावर पुस्तकात उपाय नव्हता. नम्रतानं फोन हातात घेतला. अलिबाग, रेवदंडा, ठाणं, जिथं म्हणून त्यांच्यातलं कुणी उरलं होतं तिथं तिनं इतकी गळ घातली, की लोक कंटाळून हो म्हणाले.

पेणच्या सिनेगॉगमध्ये दहा भरले. काकांनी कद्दीश म्हटली, बाकीचे आमेन म्हणाले. मागं बायकांच्या बाकावर नम्रता एकटीच होती. नंतर चहा झाला आणि जो तो आपल्या गाडीला पळाला.

एसटी स्टँडवर काकांनी अख्खा वडापाव खाल्ला. नम्रता मनातून हरखली. तेवढ्यात ते हुंदके देऊ लागले.

"आजपर्यंत ती घरातच होती गो. अडकलेली का होईना, होती. आता मोकळी झाली. आता मी दार उघडीन, तर आत कोन नसणार."

अशा वेळी बोलायची वाक्यं नम्रताला पाठ होती. ती बाजूला ठेवून तिनं त्यांना आपला रुमाल दिला. रोह्याची गाडी लागली, दोघं शेजारी बसली.

"काका, आज तुमच्याकडं जेवायला येऊ? माझ्या खोलीवरपण कोणी नसतं."

काकांनी डोळे पुसले. "ये. पन भात तू लाव. मला येत नाय, तीच लावायची."