बाकावरचं मराठी

जबलपुरात मराठी म्हणजे आमची कडीकुलपाची भाषा. दुकानदारासमोर मालाला नावं ठेवायची, पाहुण्यांसमोर त्यांचीच उणीदुणी काढायची, तर मराठीत. त्याच भरवशावर मी सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून धाकट्या भावाला, तनयला, चांगलंच झापत होते.

"निरोध वापरायला काय धाड भरली होती?"

"ताई, एकदाच झालं ना. आणि ती चांगल्या घरची होती."

"जंतू काय घराणं पाहून येतात?"

महिन्यापूर्वी मित्राच्या लग्नात हे झालं, ओळख ना पाळख अशा मुलीसोबत. आणि पुढच्या महिन्यात याचं स्वतःचं लग्न, मैत्रेयीशी. याचं जेवणावरचं लक्ष उडालं म्हणून मी खोदून विचारलं, तेव्हा रडत रडत बोलला. राग तर आलाच, पण त्याला जवळही घेतलं. लहानपणी पडला की असाच रडायचा.

"मला काहीच त्रास नाही, मग रक्त काहून देऊ? तू उगाच घाबरवून राहिली. चल घरी." तो उठलाच.

"बस रे पोरा."

शेजारचे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बोलले, तेही स्वच्छ मराठीत. म्हणजे यांनी सगळं ऐकलं! आता गणपतीच्या आत इथल्या साऱ्या महाराष्ट्र मंडळात बोभाटा.

"घाबरू नका. मी कोणाला सांगणार? मीच इथे दर महिन्याला एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला येतो," ते हळूच म्हणाले. "आता ठणठणीत आहे. पण पहिल्यांदा आलो, तेव्हा असाच उठून गेलो होतो. त्रास काहीच नव्हता ना. मग तपासणी केली, तोवर बायकोलाही लागण झाली होती."

तनय परत बाकावर बसला.

आत समुपदेशक बाईंनी सगळं शांतपणे विचारून घेतलं, कपाळावर एक आठी नाही. एचआयव्हीसोबत बाकीच्या तपासण्याही आजच करू म्हणाल्या. पण लागण रक्तात लगेच दिसत नाही. आज काही निघालं नाही तरी त्या रात्रीला तीन महिने झाले की पुन्हा यायचं.

म्हणजे लग्नानंतर. तनयनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बाईंना कळू नये म्हणून हा मला मराठीत पळवाट विचारणार.

त्यानं बाईंकडे वळून हिंदीत विचारलं, "दीदी, मैत्रेयी को शादी से पहले बताना पड़ेगा ना?"