थोरलं बाळ आजीचं

"हा माझा. तुला पुढं होतील."

सासूचा तो आवाज सेहेचाळीस वर्षं जुना. तो उल्झानला कुठंही गाठायचा, दूध काढताना, भाकरी उलटताना, रेल्वेच्या फाटकापाशी गाडी जायची वाट बघताना. आज त्यानं तिला राजधानीतल्या मोठ्या मत्स्यालयात, काचेच्या बोगद्यात गाठलं. डोक्यावर निळं पाणी होतं. त्यातून एक शार्क पांढरं पोट दाखवत सावकाश चालला होता, घरमालक रात्रीची कुलपं बघत फिरतो तसा.

"वहिनी, वर बघा ना! दात बघा त्याचे!" तोलेगेन तिच्या कानाशी वाकून म्हणाला.

"बघितले. आपला लांडगा बरा. आला की ओरडून सांगतो तरी."

तोलेगेन हसला. हसताना त्याचा डावा डोळा अर्धा मिटायचा. उल्झानच्या वडिलांचा असाच मिटायचा. ही गोष्ट तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती.

तोलेगेन तिचा मुलगा. पण थोरलं बाळ आजी-आजोबांचं, ही तिच्या सासरची रीत. चाळीस दिवसांचा झाला आणि सासूनं त्याला उचलून आपल्या अंथरुणात घेतलं. सासूचं शेवटचं पोर त्याच हिवाळ्यात गेलं होतं. गेलेल्याची भरपाई झाली म्हणून तिनं बाळाचं नावही तसंच ठेवलं, तोलेगेन. त्या दिवसापासून तो घरातला सर्वांत धाकटा मुलगा झाला. म्हणजे उल्झानच्या नवऱ्याचा भाऊ. म्हणजे तिचा दीर. आणि सासरच्या पुरुषांची नावं सुनेनं घ्यायची नसतात. तिनं सगळ्यांना टोपणनावं दिली होती, तसं याला एक दिलं. धाकटा. बाळ बोलायला लागलं ते सासूला 'आई' म्हणत आणि हिला 'वहिनी'.

पुढं होतील म्हणाली होती सासू. झाली नाहीत. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ गळून गेला.

पहिल्या त्या थंडीत मधल्या भिंतीला कान लावून ती पडून राहायची. पलीकडून सासूचं गाणं यायचं:

झोप रे माझ्या उंटाच्या पिला,
वारा गेलाय डोंगराला पाणी पाजायला...

अलीकडं उल्झानची चोळी दुधानं भिजायची.

"आजी, मला उचल ना!" तोलेगेनची सात वर्षांची इंजू तिचा हात ओढत होती. "तो चपटा मासा हसतोय माझ्याकडं बघून."

"हसत नाही गं तो. त्याचं तोंडच तसं आहे. तुझ्या शाळेतल्या बाईंसारखं."

"जाऊबाई, तिला काही शिकवू नका हं," तोलेगेनची बायको रौशान म्हणाली. "उद्या वर्गात जाऊन सांगेल."

जाऊबाई! सून चांगली होती, हसरी होती. रीतीप्रमाणं बोलायची. रीतीत तिचं काय चुकलं?

इंजूनं काचेवर नाक दाबलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही आजीला वहिनी का म्हणता?"

तोलेगेननं टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"गप, मासे बघ," रौशान म्हणाली.

त्याला ठाऊक होतं. गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं. सासूनं शब्द घेतला होता, "मी आहे तोवर याला एकच आई." उल्झाननं तो पाळला. मग सहा वर्षांपूर्वी सासू गेली. अंगणात माणसं जमली, तोलेगेनच्या गळ्यात पडून रडली. "पोरा, तुझी आई गेली रे." उल्झान आत चहा ओतत होती. दीडशे माणसांना तिनं त्या दिवशी चहा दिला. एकाही पेल्यात दूध घालायला विसरली नाही.

त्यानंतर शब्द सुटला होता. पण इतकी वर्षं बंद असलेलं दार नुसती कडी काढून उघडत नाही.

या वेळी ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आली होती. पंधरा दिवस त्याच्याकडं राहिली. डोळा आता स्वच्छ दिसत होता. उद्या सकाळी पावणेदहाची गाडी होती. दीड दिवसाचा प्रवास, मग आपलं स्टेशन, आपलं घर, तीन खोल्या आणि ती एकटी. तिनं काल रात्रीच ठरवलं होतं. उद्याच्या आत एकदा सांगायचं. मोठ्यानं. त्यानं काही म्हणावं म्हणून नव्हे. हा शब्द तोंडात तसाच ठेवून आपल्याला मातीत जायचं नाही, एवढंच.

मोठ्या टाकीसमोर बाकं होती. रौशान इंजूला समुद्री घोडे दाखवायला घेऊन गेली. उल्झाननं रखवालदाराची पाठ बघून पिशवीतलं फडकं सोडलं. आत पहाटे तळलेले बाउरसाक होते, पिठाचे फुगीर गोळे, अजून मऊ.

"वहिनी! इथं खायला मनाई आहे!" म्हणत तोलेगेननं दोन उचलले.

"मग पाटीकडं तोंड करून खा. म्हणजे ती वाचत होतास असं वाटेल."

तो खात राहिला. त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. तिनं ते या पंधरा दिवसांतच नीट पाहिले, नव्या डोळ्यानं. तो आठ वर्षांचा होता तेव्हापासून तो शाळा सोडेपर्यंत, आणि नंतरही वीस वर्षं, ती गावच्या शाळेच्या भट्ट्या पेटवायची. पहाटे चारला उठून, बर्फातून वाट काढत. सगळ्या वर्गांना मोजून कोळसा मिळायचा. तो बसायचा त्या वर्गाला एक फावडं जास्त. तो वर्ग बदलत गेला, तसं ते जास्तीचं फावडंही त्याच्या मागून वर्ग बदलत गेलं. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलंही होतं, "उल्झान, दरवर्षी एकच वर्ग का गं उबदार असतो?" ती म्हणाली होती, "तिथली चिमणी धूर चांगला ओढते."

"धाकट्या," ती म्हणाली.

"हं?"

"तुला एक सांगायचं होतं. बऱ्याच दिवसांपासून."

तो वळला. तिनं पदरासारखं रुमालाचं टोक हातात धरलं. शब्द वर आला, दातांपर्यंत आला.

"मला... म्हणजे, मी..."

"बाथरूम ना?" त्यानं आवाज खाली आणला. "मघाशीच विचारायला हवं होतं मी. सरळ जा, मग डावीकडं. थांबा, रौशानला बोलावतो."

शब्द परत खाली गेला. कोळशाच्या पाटीसारखा जड.

"कशाला? मी काय लहान आहे?" म्हणत ती उठली आणि लगबगीनं निघाली. बाथरूममध्ये जाऊन उगाच हात धुतले, चेहरा धुतला. आरशातल्या बाईला म्हणाली, "एवढं साधं काम होतं तुझं."

बाहेर आली तर दार दुसरंच. डावीकडं की उजवीकडं? माणसांचा एक लोंढा आला, त्यात ती एका सरकत्या पट्ट्यावर चढली आणि पाय न हलवता पुढं निघाली. उतरली तेव्हा मोठ्या टाकीच्या पलीकडच्या बाजूला होती. मध्ये पाणी, मासे, आणि पाण्यापलीकडं, खूप लांब, बाकापाशी उभा असलेला तोलेगेन. तो इकडं तिकडं बघत होता. तिनं हात हलवला. मोठा करडा मासा मधून गेला. तो गेल्यावर दिसलं, तोलेगेनचं तोंड उघडतंय, मिटतंय. तो हाक मारत होता. काचेतून आवाज येईना. पण ओठांवरून तिला कळलं. वहिनी. वहिनी.

तिनंही तोंड उघडलं. मग मिटलं. तो दुसऱ्याच बाजूला पळाला होता.

तिचा फोन घरीच चार्जिंगला लावून विसरला होता. ती विचारत विचारत पहिल्या दारापाशी आली, जिथं आल्या आल्या सगळ्यांनी कोट ठेवले होते. खिडकीच्या आत कोटांच्या रांगा होत्या. शेजारच्या टेबलामागं लांब नखांची एक तरुण मुलगी माइक घेऊन बसली होती.

"आजी, चुकलात का? कुणाबरोबर आलात?"

"दिराबरोबर."

"नाव सांगा त्यांचं. आत्ता पुकारते."

उल्झान कोटांच्या रांगांकडं बघू लागली.

"आजी? दिराचं नाव?"

"धाकटा म्हणतो आम्ही त्याला."

"अहो, धाकटा म्हणून पुकारलं तर शंभर जण धावत येतील! खरं नाव. ओळखपत्रावरचं."

ते नाव उल्झानला येत होतं. रिकाम्या घरात, भट्टीच्या जाळापुढंसुद्धा तिनं ते कधी उच्चारलं नव्हतं.

कोटांच्या खिडकीतून एक साठीची बाई वाकून बघत होती. तिच्या डोक्याला गावाकडचा रुमाल होता. "अगं, त्या सांगणार नाहीत नाव," ती मुलीला म्हणाली. "जुन्या वळणाच्या सूनबाई आहेत त्या. सासरच्यांची नावं घेत नाहीत. माझी आई पण अशीच होती, पोस्टमनसमोर नवऱ्याचं नाव बोट फिरवून हवेत लिहायची."

"मग मी आता हवेतून वाचू का?" मुलगी हसली. पण आजीच्या तोंडाकडं बघून तिचं हसू थांबलं. "बरं, असं करू. तुमचंच नाव पुकारते. काय नाव?" उल्झाननं सांगितलं. "हं, उल्झान आजींचे दीर जिथं असतील तिथून..."

"थांब."

मुलीनं बटणावरचं बोट उचललं.

"दीर म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

खिडकीतली बाई आणखी पुढं वाकली. उल्झानच्या चेहऱ्याकडं तिनं बराच वेळ पाहिलं. असल्या घरांच्या गोष्टी तिलाही ठाऊक असाव्यात. मग ती हळूच म्हणाली, "पोरी, माइक त्यांच्याकडं फिरव. त्यांनाच बोलू दे. आवाज ओळखेल तो."

"तसं चालत नाही, मावशी. साहेब रागावतील."

"मला रागावतील. सांग, कोटवालीनं हिसकावून घेतला."

मुलीनं माइक वळवला आणि बटण दाबलं. छतातून, भिंतींतून, काचेच्या बोगद्यांतून एक खरखर निघाली. भट्टीत पहिली ठिणगी पडल्यावर चिमणी ओढायला लागते, तशी. उल्झाननं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. लहानपणापासून ती थोरामोठ्यांपुढं बोलताना करत आली होती, तसाच.

तिला आपलाच श्वास सगळ्या इमारतीत ऐकू आला.

"धाक..." ती म्हणाली आणि थांबली.

कुठंतरी एक लहान मूल रडत होतं ते गप्प झालं.

"तोलेगेन," ती म्हणाली. "बाळा, तुझी आई बोलतेय. कोट ठेवतात तिथं उभी आहे. सावकाश ये."