मशीन बंद झालं की पळायचं

पालेगावात कुणीही बाळाजीला विचारावं, झाडं तोडायला जुनं मशीन बरं की नवं, आणि मग अर्धा तास तरी घरी जायचं विसरावं. "जुनं ते सोनं," इथून त्याची गाडी सुटायची. जुनं म्हणजे सगळं लोखंड. अठरा वर्षं पेट्रोल पितंय आणि लाकूड खातंय, कधी धोका दिला नाही. नवं म्हणजे बॅटरीवर चालणारा प्लास्टिकचा डबा, चार्जिंग संपलं की पोरांचं खेळणं. ऐकणारे माना डोलवायचे. ज्याचा धाकटा भाऊ नव्या मशीनच्या कामावर जिवानिशी गेला, त्याच्याशी वाद घालायची कुणाची छाती होणार?

यातलं बहुतेक खोटं होतं, आणि ते बाळाजीइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी सकाळी विठा आली. विठा म्हणजे त्याच्या भावाची, हरिचंद्रची बायको. दोन्ही घरांच्या मध्ये एक पडवी आणि एक शेवग्याचं झाड, एवढंच अंतर. पण हरिचंद्र गेल्यापासून आठ महिन्यांत ती स्वतःहून अशी कधी आली नव्हती. पदर डोक्यावर घेऊन उंबऱ्याशीच बसली.

"दादा, तुम्ही एकदा किर्तीशी बोला," ती म्हणाली. "फोनला हात लावत नाय. उल्हासनगरला कॉलेजात जायचं सोडलंन. काल जेवताना म्हणाली, आई, पप्पांना मीच मारलं. मी फोन केला नसता तर त्यांचं लक्ष गेलं नसतं."

आत चूल सारवणारी चांगुणा, बाळाजीची बायको, थांबली. बाळाजीनं तोंड दुसरीकडे फिरवलं. बोलतो म्हणाला. विठा गेली.

किर्तीनं त्या दिवशी वडिलांना फोन केला होता हे खरं. परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, आधारकार्ड कुठं ठेवलंय एवढंच तिला विचारायचं होतं. अकरा चाळीसला फोन केला, तो उचलला गेला नाही. अकरा चाळीसलाच झाड पडलं. आणि पंचनाम्याच्या वेळी, दहा माणसं भोवती उभी असताना, बाळाजी बोलून गेला होता, "फोन वाजला, त्याचं लक्ष तिकडं गेलं." बंदुकीची गोळी परत घेता येत नाही म्हणतात. शब्द घेता येतो; पण तो घ्यायला जी छाती लागते ती बाळाजीपाशी नव्हती. आज घेऊ, उद्या घेऊ, दिवसकार्य झालं की घेऊ, असं करता करता अठरा वर्षांची पोर आठ महिने बापाचा खून डोक्यावर घेऊन फिरत होती.

दुपारभर तो पडवीत बसून राहिला. चांगुणानं दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा ती ताट घेऊन बाहेर आली आणि ते त्याच्यापुढं ठेवून म्हणाली, "जे काय हाय ते पोरीला सांगा. मला ठाव नाय काय हाय ते, पण तुम्ही झोपेत बोलता."

त्यानं ताट बाजूला सारलं आणि कोपऱ्यातली दोन्ही मशीनं परसात आणली. मग शेजारच्या दाराशी जाऊन किर्तीला हाक मारली. ती आली. केस विंचरलेले नव्हते, ओढणी कशीतरी खांद्यावर टाकलेली. मागून विठाही आली आणि धुण्याच्या दगडावर टेकली.

परसात भेंडीच्या झाडाचा एक ओंडका आडवा पडला होता. त्याच्या पलीकडं वीस पावलांवर बाळाजीनं किर्तीला पाठमोरं उभं केलं आणि तिच्या हातात दोराचं टोक दिलं. दुसरं टोक ओंडक्याला बांधलं.

"मोठे बाबा, ये क्या है?" तिनं विचारलं. मग कॉलेजातली हिंदी सोडून मराठीवर आली. "काय करायचंय मी?"

"तुझा बाप उभा राह्यचा तशी उभी राहा. दोर ताणून धर. मशीन बंद झालं की दोर सोडायचा आणि डावीकडं पळायचं. मागं बघायचं नाय."

दोघा भावांची कामाची रीत हीच होती. बदलापूर-अंबरनाथच्या सोसायट्यांमध्ये झाड मोकळ्या मैदानात नसतं. एका बाजूला भिंत, दुसरीकडं कुणाची गाडी, वर विजेच्या तारा. त्यामुळं झाड हव्या त्या बाजूला ओढायला एक माणूस दोर खांद्यावर घेऊन, झाडाकडं पाठ करून उभा लागतो, आणि जागा अपुरी असली की तो झाडाच्या आवाक्यातच उभा असतो. झाड कलायला लागलं की त्याला पळावं लागतं. जुनं मशीन असं बोंबलायचं की हाक मारून उपयोग नव्हता. म्हणून बाळाजी झाड कललं की मशीन बंद करायचा. आवाज थांबला की हरिचंद्र डोळे मिटून डावीकडं धावायचा. अठरा वर्षांत त्याला साधं खरचटलंही नव्हतं.

बाळाजीनं जुनं मशीन पायाखाली दाबलं आणि ते सुरू करायची दोरी ओढली. एकदा, पाचदा, दहादा. मशीन खोकायचं आणि गप्प व्हायचं. बाविसाव्या ओढीला ते एकदाचं पेटलं आणि धुराचा लोट सोडत गरजलं. हातापासून खांद्यापर्यंत हाडं हलायला लागली. ओंडक्यात अर्धी वीत गेल्यावर त्यानं मशीन बंद केलं. किर्तीनं दोर टाकला आणि ती पळाली.

"परत सुरू करा की," ती म्हणाली.

"आता होत नाय. गरम झालं की अर्धा तास रुसतं. म्हणून तर मधे कधी बंद करत नव्हतो. बंद झालं म्हणजे झाड निघालं, दुसरा अर्थच नव्हता त्याचा."

असलं हे सोन्यासारखं मशीन. त्याच्या हादऱ्यांनी बाळाजीच्या बोटांतलं रक्त पळून जायचं. गेल्या वर्षीच्या थंडीत बोटं पांढरीफटक पडली, बधिर झाली, भाकरीचा तुकडा मोडता येईना. चांगुणा मोडून द्यायची आणि तो चोरासारखा खायचा. हरिचंद्रनं ते एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या भावाला शेअर रिक्षात कोंबून उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनला नरेंद्रसेठच्या दुकानात घेऊन गेला. नरेंद्रसेठ सिंधी, पिढीजात मशीनवाला. त्यानं जुन्या मशीनकडं नुसती नजर टाकली. "साईं, इसको म्युझियम में दो," म्हणाला आणि नवं काढून टेबलावर ठेवलं. वजन निम्मं. बटण दाबलं की सुरू, सोडलं की बंद. धूर नाही, हादरा नाही. मशीन उसळलं तर हाताला लागायच्या आत साखळी जागीच थांबणार. बाळाजी किंमत विचारायला लागला तसा हरिचंद्र म्हणाला, "दादा, तू नुसता हात लावून बघ. बोटं दुखतायत का सांग."

बोटं दुखली नाहीत. महिन्याभरात बाळाजी स्वतःच्या हातानं भाकरी मोडून खायला लागला. नव्या मशीननं जुन्याच्या दुप्पट झाडं उतरवली आणि एकदाही रुसलं नाही. हे सगळं त्याला मुखपाठ होतं आणि गेल्या आठ महिन्यांत त्यातला एक शब्दही त्याच्या तोंडून निघाला नव्हता.

"परत उभी राहा," तो म्हणाला.

त्यानं नवं मशीन उचललं. बारीक घरघर झाली, साखळी लोण्यात गेल्यासारखी लाकडात गेली. त्यानं बटण सोडलं. सगळं शांत. किर्ती पळाली.

"झाड नाय पडलं," बाळाजी म्हणाला. "मी चष्मा पुसत होतो. ये परत."

ती परत आली. पुन्हा घरघर, पुन्हा शांत. ती पुन्हा पळाली. "पाचर ठोकत होतो. ये परत." तिसऱ्यांदा बॅटरी बदलली. चौथ्यांदा काहीच नव्हतं, हात मोकळा केला, इतकंच. चौथ्यांदा ती पळाली नाही, दोन पावलं सरकली आणि थबकली. पाचव्यांदा मशीन थांबलं तेव्हा ती दोर धरून जागीच उभी राहिली.

"आता पडलं झाड," बाळाजी म्हणाला.

किर्ती वळली. धुण्याच्या दगडावरून विठा उठून उभी राहिली होती.

"हेंद्रेपाड्याला, हरी गेला तिथं, असंच झालं," तो म्हणाला. "नवं मशीन घेतलं तवापासून तो दर टायमाला पळायचा. मी पाणी प्यायला थांबलो तरी पळायचा. मी हसायचो त्याला. त्या दिवशी सोसायटीची माणसं गच्चीतून बघत होती, त्यांच्यासमोर म्हणालो, अरे हरी, म्हातारीसारखा काय पळतोस, मी चष्मा पुसतोय. सगळे हसले. तो पण हसला. मग तो पळायचा थांबला."

त्यानं हातातलं मशीन ओंडक्यावर टेकवून ठेवलं.

"हाक मारायचं ठरवायला पायजे होतं. आता आवाज नव्हता, साधी हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. पण अठरा वर्षं कधी मारली नव्हती, सुचलंच नाय. झाड कललं आणि मी सवयीनं मशीन बंद केलं. तो उभाच राह्यला. त्याला वाटलं, दादा चष्मा पुसतोय. मी ओरडलो तवा फांद्या त्याच्या डोक्यावर आल्या होत्या."

"आणि माझा फोन?" किर्तीनं विचारलं.

हाच प्रश्न चुकवायला त्यानं आठ महिने गावाला जुन्या मशीनचे गोडवे ऐकवले होते.

"तुझा फोन वाजला. पण तो त्याच्याकडं नव्हताच. सकाळी कामाला लागताना पिशवीत टाकून पिशवी त्यानं माझ्या मागं भिंतीच्या खिळ्याला अडकवली होती. मशीन गप्प झालं म्हणून मला ऐकू आला. तो तीस हात लांब. त्याला ऐकू जायचं कारणच नाय. त्याचं लक्ष कुठं गेलं नव्हतं, पोरी. तो माझ्या भरवशावर उभा होता."

विठानं तोंडाला पदर लावला. किर्ती मात्र त्याच्याकडं बघत राहिली. बापासारखेच डोळे, जरा बारीक, कोपऱ्यात खाली उतरलेले.

"मी रोज सॉरी म्हणते त्यांना," ती हळू म्हणाली. "सकाळी उठल्यावर आणि झोपताना. फोटोसमोर. तुम्ही पण असता ना कधीकधी तिथं. दिवा लावताना तुम्ही होतात. वर्षश्राद्धाचं बोलायला आलात तेव्हा होतात. तुम्ही ऐकलंय मला."

"ऐकलंय."

"तरी?"

लोक काय म्हणतील, विठा काय म्हणेल, केस होईल, अशी पाच-सहा कारणं बाळाजीपाशी तयार होती, रात्री पडल्या पडल्या घोटून ठेवलेली. त्या पोरीपुढं मांडावं असं त्यात एकही नव्हतं.

"भ्यालो," तो म्हणाला.

तिनं हातातला दोर जमिनीवर ठेवला, टाकला नाही. आईचा हात धरला आणि दोघी शेवग्याखालून घरात गेल्या. विठानं जाताना त्याच्याकडं पाहिलंही नाही.

मग शेजारून रडणं सुरू झालं. आधी दबकं, मग पोट धरून, लहान मूल रडतं तसं, "पप्पा, पप्पा" म्हणत. हरिचंद्रला नेलं त्या दिवशीही ही पोर रडली नव्हती. गुन्हेगारानं मान खाली घालावी तशी भिंतीला टेकून बसली होती. अख्ख्या भावकीत तेव्हा कुजबुज झाली होती, कसली दगडाच्या काळजाची पोर म्हणून, आणि बाळाजीनं तीही ऐकून घेतली होती.

चांगुणा दारात आली. सगळं तिनं आतून ऐकलं होतं. "जा की तिकडं," ती म्हणाली. "तुमच्या भावाची पोर हाय. पाठीवर हात फिरवा."

बाळाजी उठला. शेवग्यापर्यंत गेला. उघड्या दारातून त्याला आईच्या मांडीत तोंड खुपसलेली किर्ती दिसली. एवढ्या वर्षांत त्या घरात शिरताना त्यानं कधी कडी वाजवली नव्हती की हाक दिली नव्हती. आत्ता मात्र कुणाच्या परवानगीनं आत जायचं, हे त्याला कळेना. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती पोर बापासाठी रडत होती, आणि एवढे दिवस ते रडणं तिच्याकडून हिसकावून घेणारा तिचा चुलता दाराबाहेर उभा राहून ऐकत होता.